हाताएवढं वजन

यांचं मागणं एवढंच होतं, की भाकरी आपल्या हातानं खावी.

बाकी सगळं माझ्या हातून करून घ्यायला हे शिकले होते. अंघोळ, दाढी, सदऱ्याची बटणं, पाठ खाजवणं. पण मी घास पुढे केला की तोंड उघडायच्या आधी एकदा दाराकडे बघायचे. दारात कुणी नसलं तरी बघायचे. सासूबाई समोर बसलेल्या असल्या तर "भूक न्हाई" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. आईच्या देखत बायकोच्या हातानं खायचं यांना जमत नव्हतं. सासूबाईंना ते कळायचं. मग त्या ताट वाढलं की उगाच बाहेर जाऊन बसायच्या. आमची खोली एकच. बाहेर म्हणजे पायरीवर, उन्हात.

हे सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. सुताची तार तुटली की दोन टोकं बोटांत धरून गाठ मारायची, हे काम यांची बोटं न बघता करायची. एक दिवस गाठ बसेना. बोटं थंडीनं आखडली असतील असं वाटलं, पण दिवस तर उन्हाळ्याचे होते. मग हातातून पेला सुटायला लागला. मग उजवा हात खांद्यापर्यंत जाईना. डावा तर त्याच्या आधीच गेला. दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर बराच वेळ बोलले. मी चौथी शिकलेली. मोठ्या माणसांपुढे माझी जीभ टाळूला चिकटते. मी नुसती मान हलवत होते. बाहेर आल्यावर यांना विचारलं, "काय म्हणाले?"

"शिरा सुकत चालल्यात म्हणाले. अंगातलं मांस बारीक हुत जाणार. औषध न्हाई."

"मग ह्या गोळ्या कशाच्या?"

"मोकळ्या हातानं कसं पाठवावं म्हणून दिल्या असतील."

हे असं बोलून स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

त्याच दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. तिनं यांच्या कोपराखाली आपला तळहात धरला आणि म्हणाली, "आता उचला." हात वर आला. सरळ तोंडापर्यंत आला. हे त्या हाताकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. ती म्हणाली, "काका, जोर अजून थोडा आहे. पण हाताचं स्वतःचंच ओझं झेपत नाही. ते ओझं दुसऱ्या कशावर टाकलं तर हात अजून चालेल." तिथं लोखंडी चौकट होती, दोरी होती. एका टोकाला झोळीत हात आणि दुसऱ्या टोकाला हाताएवढं वजन. घरीसुद्धा करता येईल, असं ती म्हणाली.

रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "बीमला वजन लावतो तसंच की गं हे."

मागाच्या पाठीमागे मोठ्या रिळासारखा बीम असतो. उभं सूत त्याच्यावर गुंडाळलेलं असतं. ते भडाभडा सुटू नये, ताणात राहावं, म्हणून बीमला दोरी घालून खाली लोखंडी वजनं टांगतात. मी एकदाच डबा द्यायला आत गेले होते तेव्हा पाहिलं होतं. यांना त्यातलं सगळं माहीत. रिक्षात हे किती दिवसांनी भराभरा बोलत होते. कप्पी कुठं लावायची, दोरी कुठून न्यायची, सगळं ठरवून टाकलं.

आमच्या खोलीच्या छताला पाळण्याची कडी आहे. आमच्या मुलीचा पाळणा तिथंच होता. मुलगी आता सासरी अकलूजला आहे. त्या कडीला कपडे वाळत घालायच्या दोरीची जुनी कप्पी बांधली. दुसरी कप्पी खिडकीच्या गजाला. दोरी कडीवरून खिडकीकडे जाणार आणि तिथून खाली, कॉट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. वजन लोंबायला तेवढीच जागा होती. दुसऱ्या अंगाला मोरी आणि चूल. तिथं टांगलं असतं तर येता-जाता कुणाच्या तरी डोक्यात बसलं असतं.

झोळी मी यांनीच विणलेल्या टॉवेलची शिवली. आता राहिलं फक्त वजन.

वजन म्हणजे काय, जगात जिकडं तिकडं पडलंय, असं मला वाटलं होतं. आधी तेलाच्या डब्यात पाणी भरलं. डबा फटीत शिरेना. मग जवळच चाललेल्या बांधकामावरून वाळू आणून पिशवीत भरली. हाताएवढं वजन व्हायला एवढी वाळू लागली की पिशवी फुगून भिंतीला घासायला लागली. हात निम्म्यात अडकायचा. घास तोंडापासून वीतभर लांब, आणि हे तोंड पुढे करून त्याला गाठायला बघतायत. मी पिशवीला हातानं ढकललं तर ती फाटली आणि वाळू सगळी कॉटखाली.

"लहान आन् जड काय तरी बघ," हे म्हणाले. "लहान आन् जड."

ते दोन शब्द डोक्यात घेऊन मी घरभर फिरले. एक वीट दोरीला बांधून पाहिली. ती आडवी फिरायची आणि अडकायची, आणि एका विटेनं भागतही नव्हतं. तेवढ्यात वरवंट्याकडे लक्ष गेलं. काळा, गुळगुळीत, दोन मुठींत मावेल असा, आणि उचलला की मनगट खाली जाईल एवढा जड. मी दोरी आणायला वळले तर सासूबाईंनी तो उचलून पोटाशी धरला.

"ह्याला न्हाई टांगायचा."

"आत्या, पडायचा न्हाई. नीट बांधते."

"पडायचं कोण म्हणतंय? ह्याला गळ्यात दोरी घालून लटकवणार व्हय? पोरीच्या बारशाला ह्यालाच न्हाऊ-माखू घालून, टोपडं घालून पाळण्यात निजवलाय. ह्याच कडीला पाळणा हुता. आन् तिच्या बापाच्या बारशाला पण हाच." त्यांनी कॉटकडे बघितलं नाही. "आदी दगूड घालतात पाळण्यात, मग लेकरू. का घालतात ठावं हाय का? लेकरू दगडावाणी टणक ऱ्हावं म्हणून."

 हे कॉटवरून म्हणाले, "आई, दगूड तर टणक ऱ्हायला की."

सासूबाई वरवंटा घेऊन पायरीवर जाऊन बसल्या.

मग मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. आता तिथं आकड्यांचा काटा आहे, पण जुनी लोखंडी मापं फळीवर ओळीनं मांडून ठेवलेली दिसतात. विचारायला धीर व्हायला वेळ लागला. आधी मीठ घेतलं. मग काड्याची पेटी घेतली. मग विचारलं. दुकानदार वाईट माणूस नाही. म्हणाला, "वैनी, दुसरं काय बी मागा. दिवाळीला मापं पुजतो आमी. लक्ष्मीपूजनाची वस्तू कोण बाहेर देतं?" मला ते पटलं. मी मीठ घेऊन घरी आले. मिठाची पुडी दोन हातात धरून बघितली. काहीच नाही ती, हलकी.

त्या दिवसांत मी प्रत्येक वस्तू हातानं जोखत होते. खलबत्ता, कुलूप, कुकर. कुणाच्या घरी गेले तरी नजर त्यावरच. देवळाबाहेर कुणाची तरी जाड लोखंडी साखळी पडली होती, तिच्याकडेसुद्धा मी थांबून बघितलं. कारखान्यात बीमची वजनं होतीच. पण काम सुटल्यावर तिथं जाऊन काही मागायचं यांना नको होतं. "माजा हात आसा हाय ते त्यांनी बघितलेलं हाय," एवढंच म्हणाले.

शेवटी भंगारवाल्याकडे गेले. पुरुषांच्या दुकानात एकटीनं जायची मला सवय नाही. बरोबर फुटकं घमेलं घेतलं होतं, म्हणजे रिकाम्या हातानं उभं राहायला नको. दोन-तीन माणसं चहा पीत होती. दुकानाच्या म्हाताऱ्या चाचांनी घमेलं बाजूला टाकलं आणि विचारलं, "और क्या होना बाई?"

"वजन पायजे."

"कायका वजन?"

 मी म्हणाले, "लहान पायजे. आन् जड."

"छोटा भी होना और जड भी होना," चाचा चहावाल्यांकडे बघत म्हणाले. "वो तो सोना रहता बाई. सराफ के पास जाव."

ते लोक हसले. त्यांचं काही वाईट नव्हतं. मी सुद्धा ऐकलं असतं तर हसले असते.  पण मी परत फिरले, तर मागून चाचा म्हणाले, "कायकू होना, वो तो बोलो."

 मी माझ्या एका हाताखाली दुसरा हात धरला, आणि खालच्या हातानं वरचा उचलून तोंडापर्यंत नेला. परत एकदा नेला.

"कौन है?" त्यांनी विचारलं.

"मालक."

चाचांनी कप खाली ठेवला. आत जाऊन एक डबा घेऊन आले. त्यात राखाडी रंगाचे बोटाएवढे तुकडे होते. टायरवाल्यांकडचं शिसं, गाडीच्या चाकाला तोल यावा म्हणून ठोकतात ते. त्यांनी मूठभर माझ्या ओंजळीत टाकले आणि माझे हात एकदम खाली गेले. एवढ्याशा वस्तूत एवढा भार मी कधी धरला नव्हता.

"शिसा है. इससे जड मेरे पास कुछ नहीं," चाचा म्हणाले. "लेकिन हाथ धोना. खाने के बर्तन में रखना नक्को, जहर है ये."

घमेल्याच्या बदल्यात त्यांनी डबा दिला. वर अजून एक मूठ टाकली.

घरी येऊन जाड कापडाची लांबट पिशवी शिवली, मुसळासारखी. ती फटीत कुठं घासली नाही. यांनी कॉटवर बसून सांगायचं, मी घालायचं. "आजून दोन. आजून एक. थांब. एक काढ." शेवटी झोळीतला हात ना खाली जाई ना वर. पाण्यावर पान असावं तसा जागच्या जागी थांबला. यांनी नुसतं मनात आणल्यासारखं केलं आणि हात तोंडाकडे गेला.

मी भाकरीचा तुकडा दह्यात बुडवून बोटांत दिला. यांनी तो खाल्ला. मग दुसरा. हनुवटीवर दही सांडलं, ते पुसायला मी पुढे झाले तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आणि हाताच्या मागच्या बाजूनं स्वतः पुसलं. मग मला म्हणाले, "आईला बोलव की आत. उन्हात कशाला बसलीया?"

सासूबाई आत आल्या, समोर बसल्या. भाकरी संपली. मग त्यांनी पिशवीकडे बघून विचारलं, "काय हाय त्यात?"

"शिसं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "वरवंटा वाचला."

ते दिवस बरे गेले. आम्ही तिघं एकत्र जेवायचो. हे आधी हात झोळीत घालून घ्यायचे, तोल आला का बघायचे आणि "चला, माग चालू" म्हणायचे.

मध्ये एकदा झोळी सैल वाटली. धुऊन धुऊन कापड ताणलं असेल म्हणून मी तिला एक टीप मारली. काही दिवसांनी पुन्हा सैल. पुन्हा टीप मारली. टॉवेल यांचाच होता, म्हणून मी चेष्टेनं म्हणाले, "तुमचं कापड लई ताणतंय बघा." यांनी झोळीतल्या हाताकडे बघितलं.

मग एक सकाळ अशी आली की मी हात झोळीत ठेवला आणि सोडला, तर तो आपोआप वर जायला लागला. हळूहळू, छातीपर्यंत, तिथून हनुवटीपर्यंत. यांनी काही केलं नव्हतं. मी ओरडलेच. "आत्या, हात बघा. हात उचलला." सासूबाई मोरीतून ओल्या हातांनी आल्या. मी हात खाली धरून सोडला. पुन्हा वर गेला. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. शेजारच्या अक्कांना हाक मारून सांगितलं. त्या हाकेनं आणखी दोघी-तिघी दारात आल्या. अक्का कारखान्यात बीमवर सूत भरायच्या. त्यांनी तेलुगूत हात जोडून काही म्हटलं. सासूबाईंनी गुळाचा खडा फोडून सगळ्यांच्या हातावर ठेवला. मी यांच्या तोंडात गुळाचा तुकडा घातला. तो यांनी चघळला नाही, गालात धरून ठेवला.

सगळ्या गेल्या, सासूबाई अक्कांकडे गेल्या, तेव्हा मी म्हणाले, "तुमी काहीच कसं बोलत न्हाई?"

"दार लाव जरा."

मी दार लोटलं.

"बीम भरलेला आसतो तवा वजन जास्त लागतं," हे म्हणाले. माग शिकायला आलेल्या नव्या माणसाला सांगावं तसं सांगत होते. "सूत विणलं जातं, तसा बीम बारीक हुत जातो. मग तेच वजन जास्त व्हतं. तारा तटातट तुटत्यात. म्हणून बीम उतरंल तसं वजन काढत जायाचं."

मी ऐकत होते.

"हात वर गेला न्हाई गं. हातातलं कमी झालं. बीम उतरतोय. पिशवीतलं दोन तुकडं काढ, म्हंजे बसंल बरोबर."

मी झोळीकडे बघितलं. दोन टिपा मारल्या होत्या मी तिला.

माझं माहेर सांगोल्याकडं. आमच्याकडे शेळ्या होत्या. वडील बकऱ्याच्या पोटाखाली हात घालून नुसतं उचलायचे आणि वजन सांगायचे. चारा कमी पडला की सगळ्यांच्या आधी त्यांच्या हाताला कळायचं. त्यांची लेक मी. रोज सकाळी तो हात उचलून मीच झोळीत ठेवत होते. मला कळलं नाही. रोज उचललं की कळत नाही. थोडं थोडं जातं ते हाताला लागत नाही.

मी पिशवी उसवली आणि दोन तुकडे काढले. हात पुन्हा पाण्यावर पान असावं तसा थांबला. हे म्हणाले, "आता बराबर." आणि मग, "आईला सांगू नको. गूळ वाटलाय तिनं."

तेव्हापासून सासूबाई देवळात गेल्या की मी पिशवी उसवायची. पावडरचा एक रिकामा डबा होता, काढलेले तुकडे त्यात टाकायचे आणि डबा कॉटखाली ट्रंकेच्या मागे ठेवायचा. वजन शोधायला मी गावभर फिरले होते. आता तेच वजन पिशवीतून डब्यात जात होतं आणि मला ते कशानंही थांबवता येत नव्हतं. जास्त ठेवलं तर हात वर जाऊन अडकायचा. कमी ठेवलं तर पडायचा. जेवढा हात उरला तेवढंच ठेवायचं. एकदा मी चिडून म्हणाले, "नका काढायला लावू आता." हे म्हणाले, "सगळं न्हाई काढायचं. कापडाच्या शेवटच्या वारापतूर थोडा ताण लागतोच."

सासूबाई मात्र येईल त्याला सांगायच्या, "पोरगा माजा आपल्या हातानं जेवतो." हे खाली बघायचे. मी भांडी घासायला जायची.

मग बोटांतला तुकडा सुटायला लागला. तळहाताला पट्टी बांधून त्यात चमचा अडकवला आणि भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागले. मग हात तोलात असूनही निम्म्यातून पुढे सरकेना. ओझं सगळं शिशानं घेतलं होतं, तरी ढकलायला जेवढं लागतं तेवढंही आत नव्हतं. हे म्हणाले, "बोट लाव जरा."

मी यांच्या मनगटाखाली एक बोट लावलं. खरंच एकच. तेवढ्यानं हात तोंडाशी गेला. दारातून बघणाऱ्याला हेच जेवतायत असं दिसावं, म्हणून मी कॉटवर अशी कडेला बसायची की माझा हात पदराआड राहील.

परवा असंच जेवण चाललं होतं. सासूबाई समोर होत्या. खरखरीत काही लागलं की यांना आता ठसका बसतो. तसा बसला. पाणी पाजलं, पाठ चोळली. ठसका थांबला, तोवर माझा पदर सरकला होता आणि बोट मनगटाखाली तसंच होतं. मी ते काढून घ्यायला गेले.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "काडू नको. त्याला जेवू दे."

मी मान वर केली नाही.

"डबा ट्रंकंमागं ठिवू नको. झाडताना माज्या हाताला लागतो. वर फळीवर ठिव." मग म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं मागावर सुताच्या कांड्या भरल्यात मी. उतरलेला बीम कळत न्हाई व्हय मला?"

"मग गूळ का वाटलास, आई?" यांनी विचारलं.

"लोकं आली हुती दारात," त्या म्हणाल्या. "मोकळ्या हातानं कसं पाठवायचं?"

हे हसले. हसताना पुन्हा ठसका आला, पण बारीक.

सासूबाई उठल्या. पाटा धुतला. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, लसूण आणि मीठ घेतलं, वर दुधाचा शिपका दिला. रोजच्यासारखी भरड चटणी नाही. पुरणासारखी मऊ, ठसका न बसता गिळता येईल अशी. वरवंटा दोन्ही हातांनी धरून त्या पाट्यावर वाकल्या. यांचा हात झोळीत निम्म्यात थांबला होता, चमचा रिकामा. आम्ही दोघं वाट बघत बसलो.